अर्ध्या मगाची ऑर्डर

अडुसष्ट साल सरताना आमची बटालियन डोंगरातून खाली उतरली आणि पीस पोस्टिंगवर कामठीच्या छावणीत आली. पीस पोस्टिंग म्हणजे गोळ्या कमी आणि झाडू जास्त. दगडांना चुना लावायचा, झाडांच्या बुंध्यांना गेरू फासायचा आणि जे जागचं हलत नाही ते घासून चमकवायचं. जवान याला कंटाळतात. मी कंटाळलो नाही. माझं गाव कुही तालुक्यात, सासर नागपूरच्या इतवारीत. फौजेत माणूस घरापासून जितका लांब, तितकं त्याचं पोस्टिंग बरोबर समजतात. आमच्या बाबतीत वर कुणाची तरी चूक झाली असावी. मी ती कुणाच्या लक्षात आणून दिली नाही.

मी तेव्हा हवालदार होतो. हवालदार वामन ठवकर, अल्फा कंपनी. कंपनीची फायरिंग टीम माझ्या हाताखाली होती. चार नेमबाज आणि त्यांना शिकवणारा मी. माझा स्वतःचा नेम बरा होता, पण आवाज जास्त चांगला होता, म्हणून मला शिकवायला ठेवलं होतं.

फौजेचा दिवस बिगुलावर चालतो असं तुम्हा सिव्हिलियन मंडळींना वाटतं. तो चहावर चालतो. पहाटे पाचला पहिला मग, त्याला आम्ही गनफायर म्हणायचो. पीटीनंतर दुसरा. दहाच्या ब्रेकला तिसरा. जेवणानंतर, खेळाच्या आधी, रोलकॉलनंतर, आणि कुणाची गार्ड ड्युटी असली तर त्याच्या सोबतीला आणखी एक. लंगरचा, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराचा, चहा तुमच्या घरच्या चहासारखा नसतो. मोठ्या देगच्यात पाणी, पत्ती, साखर आणि दुधाची पावडर एकदमच पडते आणि देगचा रिकामा होईपर्यंत खाली जाळ असतो. शेवटचा मग घेणाऱ्याला चहा चावून प्यावा लागायचा. मी मुद्दाम शेवटी जायचो.

आता टीममधल्या एका माणसाबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्याच्यासाठी लिहितो आहे. लान्स नायक सुखदेव रामटेके. नागपूरचाच, इंदोऱ्याचा. बाप गिरणीत मागावर होता. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली तेव्हा सुखदेवला मिसरूड फुटत होतं. पंचशील घेतलं ते त्याने पाळलं. दारूला शिवायचा नाही. त्याच्या वाट्याची रम माझ्याकडे यायची, म्हणजे शील त्याचं आणि लाभ माझा. बोलणं कमी. रायफल खांद्याला लावली की त्याच्या अंगातलं सगळं थांबायचं. मी त्याला नेमबाजी शिकवली असं लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मी त्याच्या मागे उभा राहून 'शाबास' म्हणायचो.

सुखदेवची कलर सर्व्हिस संपत आली होती. त्या काळी भरती होताना ठरलेली वर्षं पलटणीत काढायची आणि मग रिझर्व्हवर घरी जायचं, लढाई लागली तर बोलावतील तेव्हा परत यायचं, असा करार असायचा. बढती मिळाली तरच पुढे राहता यायचं. सुखदेवला राहायचं होतं. बापाच्या खोकल्यासकट बापाचा माग त्याला नको होता. कंपनी कमांडर मेजरसाहेबांनी त्याला समोर उभं करून सरळ सांगितलं, "रामटेके, बटालियन की टीम में आ गए तो वेपन कोर्स. कोर्स के बाद नायक. नहीं आए, तो मेरे हाथ में कुछ नहीं."

बटालियनची टीम निवडायची होती इंटर-कंपनी फायरिंगमधून. ती मार्चमधल्या एका सोमवारी होती.

आधीच्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर, आरएमओसाहेबांचं आरोग्यावर लेक्चर होतं. आरएमओ म्हणजे पलटणीचा डॉक्टर. कॅप्टन, चष्मा, दक्षिणेकडचे, हिंदी बेताचं पण माणूस कामाचा. विषय होता चहा, कॉफी आणि जवानाची तब्येत. जेवणानंतरच्या लेक्चरला डोळे उघडे ठेवून झोपण्यात माझा हात कंपनीत कुणी धरत नव्हता. पाठ ताठ, नजर समोर, मान अधूनमधून हलवायची. त्या दिवशीही मी तसाच बसलो होतो. मध्येच कानावर पडलं, "ज़्यादा पीने से हाथ काँपते हैं. दिल ज़ोर से धड़कता है. नींद टूटती है."

हाथ काँपते हैं. मी खाडकन जागा झालो. डोळ्यांसमोर रायफल आली, नळीवरच्या फोरसाइटचं टोक आलं, ते टोक थरथरताना दिसलं. माझी टीम दिवसाला सात-आठ मग पीत होती. आणि सोमवारी फायरिंग होतं. डॉक्टरसाहेब पुढे बराच वेळ बोलले. मी ऐकलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

लेक्चर सुटल्याबरोबर मी टीमला बॅरेकमागच्या कडुनिंबाखाली फॉल इन केलं.

"आजपासून चहा बंद. सोमवारी ब्राव्हो कंपनीच्या पोरांचे हात कापतीन, आपले दगडासारखे राहतीन."

तिघांची तोंडं पडली. सुखदेव म्हणाला, "पुरा बंद?"

"पुरा."

"कवापर्यंत?"

"मी ऑर्डर कॅन्सल करीन तवापर्यंत. काही शंका?"

"नाही."

त्याला शंका नव्हती. मलाही नव्हती. एवढा आत्मविश्वास मला पुढे लढाईतही कधी वाटला नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नवं ज्ञान पोटात ठेवून बसणारा माणूस मी नव्हे. रोलकॉलनंतर मी लंगरसमोर गेलो. तिथे ब्राव्हो कंपनीच्या टीमचा हवालदार धरमपाल मग भरून घेत होता. रोहतककडचा सहा फुटी गडी. रेंजवर माझा प्रतिस्पर्धी आणि पत्त्यात माझा भिडू.

मी म्हणालो, "धरमपाल, ये चाय नहीं है. ज़हर है."

त्याने एक घोट घेतला, विचार केला आणि म्हणाला, "तो तेरे हिस्से का भी मेरे मग में डलवा दे. दुश्मन कम होगा."

मी लंगर कमांडरला सांगून टाकलं, रेंजवर अल्फाच्या टीमसाठी चहा पाठवायचा नाही. धरमपालने हे ऐकलं आणि आपला मग आणखी भरून घेतला. तो हे लक्षात ठेवेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

माझी ऑर्डर मीही पाळत होतो. शनिवारी दुपारपर्यंत माझं डोकं दोन्ही कानशिलांच्या मधोमध कुणी तरी पाचर ठोकावी तसं दुखायला लागलं. जांभया येत होत्या. स्वतःच्याच आवाजाचा मला राग येत होता, आणि माझ्या पेशात ते परवडणारं नाही. ऊन लागलं असेल म्हणून मी पाणी प्यालो, डोक्यावरही ओतलं. शेवटी छावणीच्या गेटबाहेर, कामठी रोडच्या कडेला एक टपरी होती, तिकडे पाय वळले. टपरीमागच्या बाकड्यावर माझ्या टीमचे तीन नेमबाज बसले होते. हातात ग्लास. ताडकन उभे राहिले, ग्लास मात्र सोडले नाहीत.

"काय करून राहिले इथं?" मी विचारलं.

"काही नाही, हवालदारसाहेब. तुम्ही?"

"इन्स्पेक्शन."

एकजण सरकून बसला. "मंग बसून करा ना इन्स्पेक्शन. अद्रकवाला आहे."

मी इन्स्पेक्शन केलं. दोन ग्लास केलं. अर्ध्या तासात पाचर निघाली, जग पुन्हा जागेवर आलं. डोकं कशामुळे थांबलं याचा मी विचार केला नाही. टपरीच्या सावलीत गारवा होता, त्याला मी श्रेय दिलं.

मग लक्षात आलं. "रामटेके कुठं आहे?"

"बॅरेकीत पडून आहे. टावेल बांधून ठेवला डोक्याले. आम्ही म्हटलं चाल, तर म्हने ऑर्डर आहे."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आपापल्या ग्लासाकडे. तो एक धडधडीत खरा निघाल्यामुळे आमची सगळ्यांचीच अडचण झाली होती. त्याच्याकडे जाऊन 'पिऊन घे' म्हणणं सोपं होतं. पण तसं म्हटलं तर आम्ही कुठून आलो तेही सांगावं लागलं असतं. शिवाय माझा विश्वास होता की त्याचा हात सगळ्यांत स्थिर राहणार. दोन दिवसांचं दुखणं, मग जन्माची नायकी.

रविवारी आउटपास काढून सुखदेव घरी गेला. मलाही घेऊन गेला. इंदोऱ्यात दोन खोल्यांचं घर, अंगण शेणाने सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली सुखदेवचा भरतीच्या वेळचा फोटो, टोपी जरा मोठी. बायको सुशीला, तिला मी वहिनी म्हणायचो. आम्ही टेकलो न टेकलो तोच तिने स्टोव्हला पंप मारला. गवती चहा टाकलेला, म्हशीच्या दुधाचा चहा. त्याचा वास अजूनही मला आठवतो, कारण त्या दिवशी मला फक्त वासच मिळाला.

सुखदेवने कप हाताने बाजूला सारला. "मले नको."

वहिनी थबकली. "काहून? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"डोळे पाहा कसे झाले. रागावले का कोणावर? माह्यावर?"

"नाही वं. ऑर्डर आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "चहा न पियाची ऑर्डर? असं कोन साहेब देते, भाऊजी?"

मी म्हणालो, "आहे एक."

"त्याच्या घरी बायको नाही वाटते."

"आहे," मी म्हणालो. "तीपन असंच म्हनते."

"मंग तुम्ही तरी घ्या."

सुखदेव शेजारी बसला होता, कपाळाच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून. मी कसा घेणार? मी म्हणालो, मलापण ऑर्डर आहे. वहिनीने दोन्ही कप उचलले, आत नेले, आणि मग दारात उभी राहून हळू आवाजात माझ्याशी बोलली, कारण सुखदेवने तोवर भिंतीला टेकून डोळे मिटले होते.

"उद्या जमलं नाही, तर हे घरी येतीन ना भाऊजी?"

"हो."

"मले तं चांगलंच आहे घरी आले तं. पन ह्यायचं मन नाही लागनार. गिरनीचा भोंगा वाजला का हे अजूनबी कान झाकते." तिने मिटल्या डोळ्यांच्या सुखदेवकडे पाहिलं. "ह्यायले टीममधी येऊ द्या."

"येईल," मी म्हणालो. "हात दगडासारखा झाला आहे त्याचा."

सोमवारी सहाला आम्ही रेंजवर पोचलो. लाल झेंडे चढले, सेंट्री बसले. बटमध्ये, म्हणजे टार्गेटांच्या खालच्या खंदकात, गोळी कुठे लागली ते दाखवणारे मार्कर गेले. रेंजवर नेहमीप्रमाणे अँब्युलन्स उभी होती, तिच्या पायरीवर आरएमओसाहेब पेपर वाचत बसले होते. पलीकडे ब्राव्हो कंपनीच्या तंबूजवळ देगचा होता. आमच्या तंबूजवळ माझ्या हुकमाप्रमाणे पाण्याचं पिंप होतं.

पहिली प्रॅक्टिस, म्हणजे पहिली फेरी, दोनशे यार्डांवर. बाकीचे तिघे बरे मारून आले. टपरीवाल्याचे आभार मी मनातल्या मनात मानले. मग सुखदेवचा डिटेल, म्हणजे एका वेळी गोळ्या मारणाऱ्यांचा गट, आडवा झाला. रेंज टेलिफोनवर मी होतो.

"बट्स, फायरिंग पॉइंट. टार्गेट अप."

"टार्गेट अप, साहब."

सुखदेवने पहिली गोळी मारली. मार्करने दाखवली, कडेला. दुसरी त्याच्याही बाहेर. तिसऱ्या गोळीनंतर खंदकातून लाल झेंडी वर आली आणि डावीकडून उजवीकडे हलली. वॉशआउट. गोळी टार्गेटला लागलीच नव्हती. मला वाटलं, मार्कर झोपला.

"बट्स, दोबारा देखो."

"देख लिया, साहब. वॉशआउट."

त्याची प्रॅक्टिस संपली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि रायफल क्लिअर करून तपासायला दिली. हात कापत नव्हते, हे मी आधी पाहिलं. मग त्याचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे. डोळे उन्हाकडे उघडवत नव्हते.

"दिसते का तुले?" मी विचारलं.

"दिसते. पन एकाचे दोन दिसून राहिले. डोक्यात घण बसते, त्याच्यासंगं टार्गेट हालते."

दुसरी प्रॅक्टिस तीनशे यार्डांवर होती. ती शेवटची. तिच्यात त्याने जीव ओतला तरच पहिलीतलं भरून निघणार होतं. मी त्याला हाताला धरून अँब्युलन्सकडे नेलं.

डॉक्टरसाहेबांनी पेपर बाजूला ठेवला. नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली.

"सिर कब से दुखता?"

"परसों से, साहब."

"पानी पिया?"

"जी."

"सोया?"

"जी. नींद ही नींद आता है, साहब."

डॉक्टरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चाय कितना पीता?"

"नहीं पीता, साहब."

"पहले?"

"सात-आठ मग."

"और बंद कब किया?"

"शुक्रवार."

डॉक्टरसाहेब ताठ बसले. "एकदम? किसने बोला?"

सुखदेव सावधान झाला. समोर पाहत म्हणाला, "खुद बंद किया, साहब."

कपाळावर घण बसत असताना तो माझी पाठराखण करत होता. माझ्याच हुकमाने त्याचं वाटोळं होत होतं आणि मी तिथे पट्ट्याचं बक्कल सरळ करत उभा होतो. मग मीही सावधान झालो.

"मैंने बोला, साहब. आपके लेक्चर से."

"मेरे लेक्चर से?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठवकर, तुम सामने की लाइन में बैठा था. आँख खुला था."

"खुला था, साहब."

"लेक्चर का दूसरा हिस्सा सुना?"

"आँख खुला था, साहब," मी पुन्हा म्हणालो. फौजेत ते उत्तरच समजलं जातं.

तेव्हा अँब्युलन्सच्या पायरीवर त्यांनी मला दुसरा हिस्सा ऐकवला. त्यांची हिंदी इथे तशीच देत नाही, अर्थ देतो. चहात कॅफीन असतं. रोज सात-आठ मग कडक चहा पिणाऱ्याचं शरीर त्याला धरून चालायला शिकतं. एकाएकी काढून घेतलं की शरीर संप करतं. डोकं फुटतं, झोप येते, चित्त लागत नाही, चिडचिड होते. दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, काहींना आठवडाभर. म्हणून चहा कमी करायचा तर रोज एक मग कमी, मग दोन दिवस थांबा, मग आणखी एक. "यही तो बोला था मैं," ते म्हणाले. "बंद मत करो. कम करो. धीरे."

"अब क्या, साहब?"

डोकेदुखीच्या गोळीतही कॅफीन असतं, पण गोळ्या छावणीतल्या एमआय रूममध्ये, म्हणजे दवाखान्यात, आहेत, आणून होईस्तोवर डिटेल निघून जाईल, असं त्यांनी सांगितलं. "चाय पिलाओ. अभी. आधा मग. पूरा दिया तो फिर हाथ काँपेगा, वो हिस्सा तुमने ठीक सुना था. आधा घंटा, पौन घंटा लगेगा. तब तक छाँव."

चहा एकाच ठिकाणी होता. मी धरमपालकडे गेलो. तो देगच्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता.

"धरमपाल, आधा मग चाय चाहिए."

"चाय?" त्याने आजूबाजूला पाहिलं. "यहाँ तो ज़हर है."

त्याची सगळी टीम ऐकत होती. मी म्हणालो, "वही दे दे."

"पहले तू पी. पूरा मग. सबके सामने. पता तो चले आदमी मरता है कि नहीं."

मी देगच्याच्या तळाचा, उकळून काळा पडलेला मग उभ्याने संपवला. जीभ भाजली. ब्राव्हो कंपनी शांतपणे पाहत होती, जशी शोकसभेला असते तशी. मग उलटा करून दाखवला. धरमपाल म्हणाला, "ज़िंदा है," आणि उठला. मग मात्र त्याने स्वच्छ मग घेतला, धुतला, वरचा ताजा चहा अर्ध्यापर्यंत भरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "रामटेके के लिए?"

"हाँ."

"तुम्हारा डिटेल कब है?"

"अगला."

तो सरळ रेंज ऑफिसरकडे चालत गेला. लांबून मला एवढंच दिसलं की त्याने सॅल्यूट केला, ब्राव्हो कंपनीकडे बोट दाखवलं आणि परत आला. "हमारे दोनों डिटेल पहले जाएँगे. मेरे लड़कों के हाथ गरम हैं." आणि वर म्हणाला, "हारना है तो ढंग के आदमी से हारेंगे. तेरी बेवकूफ़ी से क्या जीतना."

मी मग घेऊन सुखदेवकडे आलो. तो अँब्युलन्सच्या सावलीत बसला होता. मग हातात घेतला. वाफ तोंडावर घेतली. प्यायला नाही.

"पी ना गा."

"ऑर्डर आहे, हवालदारसाहेब."

"अरे, डॉक्टरसाहेबांनी सांगितलं."

"डॉक्टरसाहेबांनी दवा सांगितली. ऑर्डर तुमची होती. तुम्ही म्हटलं होतं, कॅन्सल करीन तवापर्यंत."

तो थट्टा करत नव्हता. त्याचं गणित सरळ होतं. दिलेली ऑर्डर ज्याने दिली त्यानेच उठवायची, बाकी कुणाच्या म्हणण्याने ती उठत नाही. हीच गोष्ट मी रिक्रूटांना वर्षानुवर्षं ओरडून शिकवली होती. शिकणारा कुणी निघेल असं वाटलं नव्हतं.

मी सावधान उभा राहिलो. तोही मग सांभाळत उभा राहिला. टीमचे तिघे, डॉक्टरसाहेब, मागे धरमपाल, सगळे पाहत होते.

"लान्स नायक रामटेके. शुक्रवारी दिलेली चहाबंदीची ऑर्डर कॅन्सल."

"ज़ोर से," मागून धरमपाल म्हणाला. "मराठी में समझ नहीं आया."

"ऑर्डर कैंसल," मी परेडच्या आवाजात म्हणालो. खंदकातल्या मार्करनेही ऐकलं असेल.

सुखदेव प्यायला. घाई न करता, शेवटचा थेंबही न सांडता. मग डोळ्यांवर टोपी ओढून पडून राहिला. ब्राव्होचे दोन डिटेल गेले. मी येरझारा घालत होतो. त्या काळ्या मगाने माझं काळीज पीटीच्या तालावर धडधडत होतं आणि बोटं थरथरत होती. डॉक्टरसाहेबांनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "देखो, लेक्चर का पहला हिस्सा."

डिटेलची हाक आली तेव्हा सुखदेव स्वतःच उठला. टोपी सरळ केली. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, "घण थांबला."

तीनशे यार्ड. तो आडवा झाला, कोपर रुतवलं, गाल रायफलीला लावला. त्याच्या अंगातलं सगळं थांबलेलं मला मागून दिसलं.

"बट्स, फायरिंग पॉइंट. टार्गेट अप."

"टार्गेट अप, साहब."

पहिली गोळी बुल, म्हणजे मधला काळा ठिपका. दुसरी बुल. तिसरीनंतर मार्करचा टेलिफोन आला. "साहब, ये गोली दिख नहीं रही." मी रिसीव्हर कानाला आणखी दाबला. मग तो म्हणाला, "मिल गई. पहले वाले छेद में है." पुढच्या गोळ्या मी मोजल्या नाहीत. मोजायचं काम दुसऱ्याचं होतं. मी फक्त त्या लाल झेंडीकडे पाहत राहिलो. ती वर आली नाही.

सकाळी अकराला ॲडज्युटंटसाहेबांनी बटालियनची टीम जाहीर केली. सुखदेवचं नाव सर्वांत शेवटी आलं. तेही पुरेसं होतं. ब्राव्होचा एक चांगला पोरगा त्यामुळे बाहेर राहिला. धरमपालने माझ्या पाठीत एक थाप मारली. ती अभिनंदनाची होती की सूड होता हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सुखदेव कोर्सला गेला, चांगल्या ग्रेडिंगने आला, नायक झाला. त्या दिवसापासून त्याने एक सवय धरली. चहा घ्यायचा तो अर्धाच मग. आणि मी समोर असलो की पिण्याआधी विचारायचा, "ऑर्डर?" मी म्हणायचो, "कॅन्सल." मग तो प्यायचा. पुढे मी नायब सुभेदार झालो. तो मला हवालदारसाहेबच म्हणत राहिला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात आम्ही पश्चिम सीमेवर होतो. सुखदेवचा सेक्शन आमच्या पुढे एका कालव्याच्या बांधावर होता. एका सकाळी, धुकं उठत असताना, फील्ड टेलिफोन वाजला.

"वन सेक्शन. चहा पोचला."

"गरम आहे?"

"आहे. ऑर्डर?"

"कॅन्सल. पिऊन घे."

"ठीक."

साडेनऊला दुश्मनाच्या तोफा सुरू झाल्या, मग त्यांचं पायदळ आलं. वन सेक्शनने बांध सोडला नाही. सुखदेवने एका जखमीला ओढत मागे आणून सोडलं आणि लाइट मशीनगनवर परत गेला. दुपारी बांध आमच्याच ताब्यात होता. सुखदेव मशीनगनवरच ओणवा पडला होता आणि त्याच्या पुढ्यातल्या गवतात मग पडलेला होता. रिकामा. मला त्याचं बरं वाटलं.

मी पेन्शनवर आलो त्याला आता काही वर्षं झाली. नागपूरच्या सदर भागात एका ऑफिसात सिक्युरिटीचं काम पाहतो. ब्लड प्रेशर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चहा दोनच कप. मी दर आठवड्याला एक कप कमी करत दोनावर आलो. एकदाही डोकं दुखलं नाही. आमच्या ऑफिसातले एक हेडक्लार्क कुठेतरी वाचून एका रात्रीत चहा सोडून आले आणि दोन दिवसांनी डोकं धरून ब्रेन ट्युमरच्या गोष्टी करू लागले. मी त्यांना अर्धा कप पाजला आणि दुसरा हिस्सा ऐकवला. दक्षिणी हिंदीत ऐकवला, तो असाच चांगला लागतो. दिवस मावळल्यावर घेऊ नका, रिकाम्या पोटी कडक घेऊ नका, सोडायचा तर पायरी पायरीने सोडा. एवढं पाळलं तर चहा माणसाचं काही बिघडवत नाही.

डिसेंबरात मी इंदोऱ्याला जातो. वहिनीचे केस आता पांढरे झाले. सुखदेवचा पोरगा नोकरीला लागला. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा मी भिंतीवरच्या त्याच्या फोटोकडे पाहत बसलो. मनात एकच चालू होतं, की त्या सोमवारी मी चहा आणला नसता, तर सुखदेव घरी असता. मी काही बोललो नव्हतो. तरी स्टोव्हकडे तोंड करून तीच म्हणाली, "आमच्या गल्लीतल्या रिझर्व्हवाल्यालेबी बलावलंच होतं, भाऊजी. तो बी वापस नाही आला." मग कप पुढे केला. "त्यायले गिरनीत नव्हतं जायचं. नाही गेले. घ्या, थंडा होते."

मी घेतला. तिने तो अर्धाच भरला होता. ती सवय तिला कुणी सांगितली हे मी विचारलं नाही.

बटालियनच्या स्मारकाच्या दगडावर त्या लढाईत पडलेल्या आमच्या माणसांची नावं आहेत. रँकप्रमाणे कोरलेली. शिपाई आणि लान्स नायक खाली, त्यांच्या वर नायक. वरून पाहत आलं की सातवी ओळ. नायक सुखदेव रामटेके.